डांबरावर चालवून दाखवा

मुलाचा पाय वाकडा असेल, तर शहाद्याच्या त्या डॉक्टरांकडे जाताना घरून जेवून निघणं शहाणपणाचं होतं. कारण उपचाराच्या आधी इतिहास सुरू व्हायचा, आणि इतिहास थेट ग्रीसपासून निघायचा. म्हसावदहून सकाळच्या एसटीने आलेली एखादी बाई तान्हं मूल मांडीवर घेऊन बसलेली असायची आणि डॉक्टर तिला सांगत असायचे की सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ग्रीसमधला एक वैद्य असले आत वळलेले पाय हाताने हळूहळू सरळ करून पट्ट्यांनी बांधत असे. बाई मान डोलवत असे. तिच्या मते हा वैद्य दोंडाईच्याच्या बाजूला कुठेतरी बसत असावा. एकीने तर त्याचा बसायचा वारही विचारला, "त्या कोनता वारले बठतस?"

डॉक्टर हसले नाहीत. विनोद झालाय हे त्यांना कळलंच नाही. "ते वारले," असं त्यांनी गंभीरपणे सांगितलं, आणि बाईने हळहळ व्यक्त केली.

"काय त्रास होतोय?" हा जगातल्या सगळ्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न त्यांनी कुणाला विचारल्याचं मला आठवत नाही. माणसाला विचारून काय कळणार, असं त्यांचं म्हणणं. ते पाय हातात घेत आणि बोलायला लागत ते शतकांविषयी. मी त्या दवाखान्यात भूल द्यायला जात असे. जात असे म्हणजे, जाऊन बसत असे. भूलतज्ज्ञाचं पोट ऑपरेशनवर चालतं आणि आमच्या सर्जनला ऑपरेशन टाळण्याचं व्यसन होतं. तशी भूल द्यायला माझी गरजही नव्हती. प्रवचन मध्ययुगापर्यंत पोचेस्तोवर मूल झोपलेलं असायचं, कधीकधी बापही.

आता ते नाहीत, म्हणून हे धीर करून लिहितोय. असते तर त्यांनी या लेखाचाही इतिहास काढला असता आणि असले लेख पूर्वी कसे फसले ते मला सांगितलं असतं.

माणसांचे चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत. ते पाय ओळखत. माझी बायको एकदा त्यांना भाजीबाजारात भेटली, तर त्यांनी तिच्या चपलांना नमस्कार केला आणि म्हणाले, "डावी टाच जास्त झिजलीय. कंबर दुखते ना?" कंबर दुखत होती. घरी येऊन तिने तो राग माझ्यावर काढला. लग्नात बोलावलं तर ते जेवायला थांबत नसत, पण वरात चुकवत नसत. सगळे नवऱ्याकडे बघत असत आणि हे नाचणाऱ्यांच्या टाचांकडे. नवऱ्याच्या मामाला गाठून "तुमचा खुबा लहानपणी निखळला होता, कुणी सांगितलं नाही का?" असं विचारणारा पाहुणा कुणाला आवडेल?

एका पुढाऱ्याच्या नातवाच्या बारशाला तर त्यांनी कहर केला. बाळाला दुपट्यात पाय सरळ ओढून घट्ट गुंडाळून पाळण्यात ठेवलं होतं. बायका गाणं म्हणत होत्या. डॉक्टरांनी भर गाण्यात पाळण्यात हात घातला, दुपटं सोडलं, बाळाच्या मांड्या बेडकासारख्या फाकवल्या आणि जमलेल्या मंडळींना सांगायला लागले की थंड मुलखात जिथे जिथे बाळांना असं सुरळी करून बांधायची चाल होती, तिथे तिथे खुबे निखळायचे. आणि सातपुड्यातली पावरा आदिवासी बाई पोराला कडेवर दोन बाजूंना टांगा टाकून बसवते, म्हणून तिच्या पोराचा खुबा जागेवर राहतो. पुढाऱ्याची आई म्हणाली, "डाक्तर, बारसं शे. तपासनी नही." त्यांना हाताला धरून बाहेर आणावं लागलं. वाईट गोष्ट अशी की त्यांचं बरोबर होतं. बरोबर असलेला माणूस बारशाला बोलावू नये, हे त्या दिवसापासून आमच्या गावाला कळलं.

त्यांच्या तपासणीच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं. इतर डॉक्टर तिथे गणपती ठेवतात किंवा औषध कंपन्यांनी दिलेली घड्याळं. यांच्या कपाटात लोखंडी सळ्या लावलेले जुने बूट होते, चामड्याचे पट्टे होते, आणि लहान मुलांचा पाय पकडून बळाने सरळ करायचा, प्लंबरच्या पान्यासारखा दिसणारा एक भयंकर प्रकार होता. तो त्यांनी कुठल्याशा मोडीत निघालेल्या दवाखान्याच्या भंगारातून उचलून आणला होता. कपाटावर त्यांच्याच हाताने लिहिलेली चिठ्ठी होती: "शहाण्या माणसांनी मनापासून केलेल्या चुका." ज्याच्या मुलाचे पाय जरा फेंगडे असत, त्याला ते कपाटासमोर उभं करून सांगत, की असे बूट हजारो पोरांना वर्षानुवर्षं घातले गेले आणि पाय सरळ झाल्यावर श्रेय बुटांना मिळालं. मग कुणीतरी बूट न घातलेली पोरं मोठी झाल्यावर बघितली, तर त्यांचेही पाय सरळ. "तुमचाही होईल. घरी जा." बाप नाराज होऊन जाई आणि समोरच्या गल्लीतल्या डॉक्टरकडून बूट लिहून घेई. तिथला धंदा आमच्या कपाटामुळे चांगला चालत असे.

याच कपाटात सगळ्यात वरच्या फळीवर, त्या पान्याच्या शेजारी, एक सोनेरी पदक लटकत होतं. ते त्यांचं स्वतःचं होतं.

तरुणपणी हे गृहस्थ मुंबईहून शिकून आले तेव्हा वाकड्या पायांचं ऑपरेशन करण्यात खानदेशात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मूल आत नेलं की पाय सरळ करूनच बाहेर. जन्मतः वळलेला पाय कापून, आतल्या स्नायूंच्या दोऱ्या सोडवून, खिळे घालून सरळ करायचा, फोटो काढायचा, बापाने पेढे वाटायचे. त्या फोटोंवर एका परिषदेत त्यांना पदक मिळालं. पुढे कधीतरी त्यांच्या वाचण्यात आलं की परदेशात कुणीकुणी अशा ऑपरेशन केलेल्या मुलांना मोठेपणी परत बोलावून बघितलं, आणि त्यातले कितीतरी पाय ताठ झालेले, दुखरे निघाले. आणि दुसरा एक डॉक्टर, ज्याला सगळे हसत होते, तो आठवड्याआठवड्याला हळूच पाय वळवून नुसतं प्लास्टर घालत होता. त्याची पोरं मोठी होऊन धडधाकट चालत होती. हे इतर सर्जनांनीही वाचलं. त्यांनी पान उलटलं, किंवा "आपल्याकडचे पेशंट वेगळे" असं म्हणून चहा मागवला. आमचे डॉक्टर तेवढे हुशार नव्हते. त्यांनी स्वतःच्या हातचे पाय शोधायला सुरुवात केली.

त्या शोधात मी एकदा फसलो. सारंगखेड्याच्या यात्रेला चला म्हणाले. मला वाटलं, घोडे बघू, गरम जिलेबी खाऊ. लाखालाखाचे घोडे समोरून रेवाल चालीत जात होते, लोक श्वास रोखून बघत होते, आणि हा माणूस घोड्याकडे पाठ करून, खाली उतरणाऱ्या स्वारांचे पाय बघत उभा. घोड्यांच्या बाबतीत त्यांनी एकच गोष्ट कान देऊन ऐकली. एक म्हातारा गिऱ्हाईक विकणाऱ्याला म्हणत होता, "आठे धूळमा नको. डांबरवर चालाडीसन दखाड." मऊ धुळीत अधू घोडंसुद्धा डौलात चालतं, कडक रस्त्यावर आणलं की लंगड लपत नाही, म्हणून जाणता माणूस डांबरावर चालवून बघितल्याशिवाय पैसे मोजत नाही. डॉक्टर एवढे खूश झाले की मला जिलेबीवरून ओढून नेऊन म्हणाले, "आमच्या परिषदांत सगळे धुळीतच चालवतात हो! प्लास्टर काढलं त्या दिवशीचा फोटो!"

आणि तेवढ्यात त्यांना तो दिसला. तिशीतला, रुबाबदार फेटा, गुडघ्यापर्यंत बूट. घोड्यावर होता तोवर राजबिंडा. उतरला आणि पावलाच्या बाहेरच्या कडेवर, टाच न टेकवता, लाकडी खुंटासारखा पाय टाकत चालायला लागला. डॉक्टर त्याच्या मागे निघाले. तो थांबला की थांबत, चालला की चालत. त्याला वाटलं, गिऱ्हाईक आहे.

"कोनता आवडना?" त्याने आपल्या घोड्यांकडे हात करून विचारलं.

"डावा," डॉक्टर म्हणाले.

"डावा म्हंजे?"

"तुझा डावा पाय. उजवा त्यापेक्षा वाईट आहे. दोन्ही माझेच आहेत. बूट काढ, बघू दे."

मी दुसरीकडे बघायला लागलो. आजूबाजूचे दलाल जमा झाले. तो माणूस, योगेश त्याचं नाव, जवळच्याच गावच्या गुजर शेतकऱ्याचा मुलगा, केळी सोडून घोड्यांच्या नादाला लागलेला. त्याने डॉक्टरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमीच का ते डाक्तर? मन्हा बाप तुमना पाया पडना व्हता. गावभर पेढा वाटात त्यानी. शंभर टक्के बरा व्हयना, असं तुमीच सांगं ना त्याले?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "घोडावर ऱ्हास तवलोंगच मी धड शे. खाले उतरनू का सर्वा दखतस. बूट मी काढसू नही. घोडा लेवाना व्हई ते बोला, नही ते वाट धरा."

आम्ही वाट धरली. परतताना गाडीत डॉक्टर एक शब्द बोलले नाहीत. शहाद्यापर्यंतचा तो प्रवास माझ्या आयुष्यातला सर्वांत शांत प्रवास होता, आणि खरं सांगतो, मला ते आवडलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात एक बाई तान्ह्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. दोन्ही पाय आत वळलेले, तळवे एकमेकांकडे बघणारे. हा प्रकार काही घराण्यांत उतरतो. बाप बाहेर गाडीला टेकून उभा होता, आत यायला तयार नव्हता. तो योगेश होता. डॉक्टरांनी स्वतः जाऊन त्याला आत आणलं.

"बायको लई उनी म्हनीसन उनू," तो म्हणाला. "मी ते धुळेच लई जानार व्हतू."

डॉक्टरांनी कपाट उघडलं. मला वाटलं, झालं, आता ग्रीस. पण त्यांनी ते पदक काढलं आणि त्याच्या हातात ठेवलं. "मला हे ज्या फोटोंवर मिळालं, त्यात तुझेही पाय होते."

योगेशने ते उलटसुलट करून बघितलं. "पाय मन्हा, नि बिल्ला तुमले?"

डॉक्टर म्हणाले, "हो." आणि मग या वेळी कापणार नाही, आठवड्याआठवड्याला प्लास्टर बदलेन, हे समजावून सांगितलं. योगेशने बायकोकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, आणि पदक टेबलावर ठेवलं.

"करा पलस्तर. पन 'बरा व्हयना' असं आठे दवाखानामा सांगानं नही. पोऱ्या चालाले लागना का यात्रामा लई या, डांबरवर चालाडीसन दखाडा. मंग बोला."

डॉक्टरांनी लगेच हात पुढे केला. इतकी योग्य अट त्यांना आयुष्यात कुणी घातली नव्हती.

प्लास्टरं झाली. टाचेमागच्या ताठ दोरीला एक बारीक छेद द्यायचा असतो, तोही तेवढीच जागा बधिर करून झाला, म्हणजे तिथेही माझ्या पोटावर पाय. पावलं सुंदर सरळ झाली. आता रोज झोपताना दोन छोटे बूट घालायचे, मध्ये त्यांना जोडणारी पट्टी, आणि हे मूल चांगलं मोठं होईपर्यंत चालू ठेवायचं. जगभर आयाबाप इथेच कंटाळतात. पण योगेशच्या घरी कंटाळा हे कारण नव्हतं. त्याच्या आईने ती पट्टी बघितली आणि तिला घोड्याचा पायबंद आठवला. खोडील जनावराचे पाय बांधतात, आणि शिंगराला पायबंद घातला तर त्याची चाल कायमची जाते, हे त्या घरात दुधाबरोबर पाजलेलं. "मन्हा नातूले पायबंद? कोनले लाथ मारी त्यानी?" म्हणत तिने तो रोज रात्री, सून झोपली की, सोडून ठेवला. पाय हळूहळू पुन्हा आत वळायला लागले.

योगेश तणतणत आला. "हाई पट्टी-फिट्टी ऱ्हाऊ द्या आते. कापीसन सरळ करी टाका. मन्हा बी एक दिनमा सरळ व्हयना व्हता!"

मी मनातल्या मनात सिरिंज भरून तयार. आणि आमचे डॉक्टर, जे कायम पुस्तकी मराठीत बोलत, ते एकदम म्हसावदच्या अहिराणीवर आले.

"पयले तू बूट काढ. तुन्हा पाय आठे टेबलवर ठेव. तो दखीसन जर तू म्हनशी 'कापा', ते मी आजच कापस."

योगेश जागचा हलला नाही. मग त्याची बायको बोलली. ती आजवर त्या खोलीत कधी बोलली नव्हती.

"रोज रातले त्या पायले मी तेल लावस. माले दखाडानी गरज नही. मन्हा पोऱ्याले तसा पाय नको. पलस्तर करा, डाक्तरसाहेब."

योगेश उठून बाहेर गेला. प्लास्टर पुन्हा सुरू झालं. माझ्या सिरिंजचं काय झालं ते सांगत नाही.

राहिली आजी. तिला समजवायला डॉक्टर स्वतः गावी गेले आणि ओट्यावर बसून त्यांनी तिला पायबंदाचा समग्र इतिहास सांगितला. घोड्याला तो का घालतात, माणसाला बेड्या कधीपासून, या पट्टीचा आणि बेडीचा फरक काय, मधल्या काळात कोणकोण चुकलं. दुपारचं जेवण झालं, चहा झाला, गुरं परत आली. दिवेलागणीला म्हातारी म्हणाली, "बांधसू रे भो, रोज बांधसू. तू घर जाय." आणि तिने शब्द पाळला, कारण डॉक्टरांनी पुन्हा येईन म्हणून सांगितलं होतं. इतिहासाने पेशंट बरा झाल्याचं मी बघितलेलं हे एकमेव उदाहरण.

अटीतली ती यात्रा मला नीट आठवते. पोरगं चांगलं पळायला लागलं होतं. योगेशने त्याला नवा सदरा घातला होता आणि अनवाणी डांबरी रस्त्यावर उभं केलं होतं. बातमी पसरलेली, दलाल, गिऱ्हाइकं, सगळी दुतर्फा उभी, घोडा दाखवायचा असतो तशी. म्हातारी आजी हातात फुगा घेऊन पलीकडे उभी राहिली. आमचे डॉक्टर, वय झालेलं, पांढरा शर्ट, ते डांबरावर सरळ पालथे झोपले आणि गाल रस्त्याला लावला. टाच टेकते की नाही ते जमिनीच्या पातळीवरून बघायचं होतं. "डाक्तरले चक्कर उनी का?" कुणीतरी विचारलं. "नही, पिएल व्हई," दुसरा म्हणाला. मी त्यांना ओळखत नसल्यासारखा उभा राहिलो.

पोरगं चाललं. फुग्याकडे बघत, टाच, मग पंजा, टाच, मग पंजा, आणि शेवटी धावत सुटलं. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

योगेश डॉक्टरांजवळ आला. "आते सांगा. बरा व्हयना का?"

शर्टाला लागलेली रस्त्याची धूळ झटकत ते उठले. एवढी माणसं, एवढा आनंद. एक 'हो' म्हणायला काय हरकत होती? पण नाही.

"आज टाच टेकतेय. घोटा मोकळा आहे. बरा झाला की नाही, ते तीस वर्षांनी कळेल."

मला त्यांचा अस्सा राग आला की काय सांगू. योगेश मात्र हसला. त्या माणसाला हसताना मी पहिल्यांदा बघत होतो. घोड्यांच्या बाजारात 'शंभर टक्के' म्हणणाऱ्याला कोण किती मानतं, हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार.

"तीस वरीस तुमी ऱ्हाशात का?"

"मी नाही राहणार. दुसरा कुणीतरी येईल, त्याच्या मागे लागेल, बूट काढ म्हणेल. तेव्हा पोराला सांगून ठेव, काढून दाखव म्हणावं. दाखवलं नाही तर आम्हाला कळतच नाही काय केलंय ते."

योगेश रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसला आणि एवढ्या लोकांसमोर खाली वाकून डाव्या बुटाची नाडी सोडायला लागला. बूट निघायला वेळ लागला. पाय बारका होता, वाळलेला, टाचेमागे जुना पांढरा व्रण, बाहेरच्या कडेला घट्टा. लोक एकेक करून तिथून सरकले. बघायला आलेली माणसं बघायचं टाळत निघून गेली.

डॉक्टर धुळीत मांडी घालून बसले आणि तो पाय त्यांनी मांडीवर घेतला. मी ग्रीसची वाट बघत होतो. पण ग्रीस आलं नाही, मध्ययुग आलं नाही, काहीच आलं नाही. बराच वेळ ते अंगठ्याने तो व्रण चाचपत राहिले, मग वर बघितलं, या खेपेला चेहऱ्याकडे, आणि विचारलं, "कोठे दुखस, भाऊ?"